तालमींतला बदली

रक्तदाबाची गोळी मी रोज सकाळीं आठ वाजतां घेतों. वयाबरोबर विस्मरण वाढूं लागलें, तेव्हां घरच्या मंडळींनीं माझ्या मोबाइलवर गोळीची आठवण करून देणारा एक कार्यक्रम बसवून दिला. विशेष कौतुकाची गोष्ट अशी कीं, हा कार्यक्रम रचणाऱ्या मंडळींत आमची धाकटी पुतणीहि आहे. पुण्याजवळ हिंजवडीस संगणकाच्या एका कचेरींत ती नोकरी करते. दीड वर्ष हा यांत्रिक सेवक आपलें काम बिनचूक करीत होता. पुढें एके दिवशीं त्याची नवी आवृत्ति आली. त्या सकाळीं आठ वाजले, साडेआठ वाजले, तरी मोबाइल गप्पच. आठवण ठेवण्यास चाकर ठेवला कीं माणूस स्वतः आठवण ठेवण्याचें सोडून देतो. त्याप्रमाणें मीहि निर्धास्त होतों. दुपारचें जेवण उरकून जरा आडवा होतों न होतों तोंच, बरोबर दीड वाजतां, मोबाइल वाजला : "सकाळची गोळी घेण्याची वेळ झाली आहे."

माझ्यापुरतें पाहिलें तर साडेपांच तासांच्या उशिरानें कांहीं आकाश कोसळलें नाहीं. परंतु तोच कार्यक्रम इन्सुलिन घेणारे लोक वापरतात. फेफऱ्याच्या औषधावर असणाऱ्या मुलांच्या आया वापरतात. रात्रीं पुतणी घरीं आली ती अगदीं उतरलेल्या चेहऱ्यानें. मी कांहीं बोलण्यापूर्वींच ती म्हणाली, "काका, आमच्या सगळ्या परीक्षा हिरव्या होत्या हो! एकहि तांबडी नव्हती."

हिरवी परीक्षा म्हणजे काय, ती हिरवी असून गोळी चुकली कशी, आणि चूक नेमकी कोठें झाली, हें समजून घेण्यासाठीं त्या रात्रीं व पुढें कित्येक रात्रीं मीं तिला पुष्कळ प्रश्न विचारले. आजच्या कितीतरी सुशिक्षित घरांत एखादा मुलगा, मुलगी किंवा सून या व्यवसायांत असते, आणि तीं दिवसभर काय करतात हें वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतें. म्हणून तिच्या बोलण्यांतून व नंतरच्या वाचनांतून जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

वस्तूंचें कुटुंब

संगणकाचा कार्यक्रम म्हणजे पाककृतीसारखी आज्ञांची एक लांबलचक यादी, अशी माझी समजूत होती. फार पूर्वीं तसेंच असे. परंतु ओस्लो येथील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड या दोन नॉर्वेजियन विद्वानांनीं १९६७ सालीं 'सिम्युला ६७' ही भाषा सिद्ध केली, आणि तिच्यापासून एका निराळ्या विचारसरणीस आरंभ झाला. या विचारसरणीप्रमाणें कार्यक्रम हें लहान लहान वस्तूंचें एक कुटुंब असतें. एकत्र कुटुंबांत हिशेब एकाकडे, बाजारहाट दुसऱ्याकडे, औषधपाणी तिसरीकडे असतें. हिशेब ठेवणारा स्वतः मंडईंत जात नाहीं, जाणाऱ्यास सांगतो. त्याचप्रमाणें येथेंहि प्रत्येक वस्तूनें आपलें काम जाणावें आणि बाकीच्यासाठीं दुसरीस हांक मारावी. अशा वस्तूस 'ऑब्जेक्ट' म्हणतात, आणि ज्या सांच्यांतून ती निघते त्यास 'क्लास' म्हणतात. आज जगभर वापरली जाणारी जावा ही भाषा १९९५ सालीं बाहेर पडली. तिची सारी मांडणी याच धर्तीची आहे.

सांच्यांतून वस्तु बाहेर पडतांना प्रथम एक विधि होतो. तिच्या अंगीं कोणते गुण असावे, तिच्या हाताशीं कोणते मदतनीस असावे, हें त्या विधींत ठरतें. त्यास 'कन्स्ट्रक्टर' हें नांव आहे; आपण त्यास घडणविधि म्हणूं. हा विधि लेखांत पुन्हां पुन्हां येणार आहे, तरी वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां आमच्या गोळीच्या कार्यक्रमाकडे वळूं. त्यांत आठवण करून देणारी जी मुख्य वस्तु आहे, तिला समजुतीसाठीं 'आठवण्या' म्हणूं. आठवण्यास तीन मदतनीस लागतात. कोणास कोणती गोळी केव्हां द्यावयाची हें लिहिलेली वही. आतां किती वाजले हें सांगणारें घड्याळ. आणि मोबाइलवर निरोप पोंचविणारा निरोप्या. आठवण्या वही उघडतो, घड्याळास वेळ विचारतो, वेळ जुळली तर निरोप्यास पिटाळतो. एवढेंच त्याचें काम.

एकेकाची परीक्षा

हें काम बरोबर होतें कीं नाहीं तें पाहण्यासाठीं कार्यक्रम रचणारे लोक दुसरा एक छोटा कार्यक्रम लिहितात. हा परीक्षक आठवण्याला एकटा गांठतो, त्याला प्रश्न घालतो आणि उत्तर पडताळून पाहतो. एकाच वस्तूची सुटी परीक्षा म्हणून तिला 'युनिट टेस्ट' म्हणतात. केंट बेक या अमेरिकन गृहस्थानें १९९४ सालीं स्मॉलटॉक भाषेसाठीं अशा परीक्षांची एक पद्धतशीर चौकट मांडली. पुढें १९९७ सालीं तो आणि एरिख गामा हे झुरिकहून अटलांटास विमानानें जात होते. त्या प्रवासांत दोघांनीं मिळून तीच चौकट जावा भाषेंत उतरविली. तीच प्रसिद्ध 'जेयुनिट'. परीक्षा उतरली कीं पडद्यावर हिरवी पट्टी दिसावी, नापास झाली कीं तांबडी, ही चाल तेथूनच रूढ झाली. कार्यक्रमांत थोडा जरी फेरफार केला तरी शेंकडों परीक्षा कांहीं क्षणांत पुन्हां घेतां येतात. म्हणून या लोकांची हिरव्या रंगावर फार भिस्त.

परंतु आठवण्याची परीक्षा घ्यावयाची कशी? खरें घड्याळ ठेवलें तर परीक्षकानें रोज सकाळच्या आठांची वाट पाहत बसावें काय? खरा निरोप्या ठेवला तर परीक्षा चालू होतांच खऱ्या रुग्णांस खोटे निरोप जातील. हा धोका काल्पनिक नव्हे. पुतणीच्या ओळखीच्या एका कचेरींत असाच प्रकार होऊन, बिलें भरलेल्या ग्राहकांस मध्यरात्रीं थकबाकीच्या सूचना गेल्या होत्या. शिवाय खरी वही दूरच्या यंत्रावर असते. मध्यें तार तुटली तर आठवण्या निर्दोष असूनहि नापास व्हावयाचा.

तेव्हां यावर उपाय एकच. परीक्षेपुरता खऱ्या मदतनिसाच्या जागीं बदली उभा करावयाचा. नाटकाच्या तालमींत हें आपण नेहमीं पाहतों. राजाचें काम करणारा आजारी पडला तर तालीम थांबत नाहीं. मंडळींतला कोणी तरी हातांत वही घेऊन राजाच्या जागीं उभा राहतो, ठरलेलीं वाक्यें वाचतो, आणि समोरच्या नटीची तालीम पार पडते. आमचे एकांकिकावाले पुतणे त्यास 'प्रॉक्सी' म्हणतात. परीक्षेसाठीं उभें केलेलें बदली घड्याळहि असेंच. त्याला अगोदर पढवून ठेवावयाचें : "कोणी विचारलें तर आठ वाजले म्हणून सांग." बदली निरोप्या कोठेंच जात नाहीं, आपल्याला काय सांगण्यांत आलें तेवढें टिपून ठेवतो. मग परीक्षकानें पाहावें : आठ वाजतां निरोप्यास हांक मारली काय? मारली. सात एकोणसाठला मारली नाहीं ना? नाहीं. पट्टी हिरवी!

या बदलीस 'मॉक ऑब्जेक्ट' हें नांव रूढ झालें तें लंडनच्या मंडळींमुळें. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनीं २००० सालीं इटलींतील सार्डिनिया बेटावर भरलेल्या परिषदेंत या विषयावर निबंध वाचला. पुढें जेरार्ड मेझारोस यानें २००७ सालच्या आपल्या ग्रंथांत बदल्यांच्या पांच जाती लावून दिल्या. केवळ जागा भरण्यास उभा केलेला, पढविलेलें उत्तर देणारा, ऐकलेलें टिपून ठेवणारा, काय ऐकावयास मिळालें पाहिजे हें आधींच ठाऊक असून तसें न झाल्यास तक्रार करणारा, आणि खऱ्यासारखेंच पण हलकें काम खरोखर करणारा, अशा त्या पांच जाती. सर्वांना मिळून त्यानें जें नांव दिलें, तें चित्रपटांत नायकाच्या जागीं उड्या मारणाऱ्या माणसाच्या नांवावरून घेतलें आहे.

दार आंतून बंद

येथवर सारें सरळ वाटतें. अडचण येते ती पुढें. बदली उभा करावयाचा तर आधीं खऱ्यास बाजूस सारतां आलें पाहिजे. परंतु आमचा आठवण्या आपल्या घडणविधींतच स्वतः म्हणत होता : "माझ्यासाठीं एक नवें घड्याळ घडवा." म्हणजे तो जन्मतःच आपलें घड्याळ घेऊन येई. बाहेरच्या कोणास तें दिसत नसे, कीं बदलतां येत नसे. दार आंतून बंद. परीक्षक बदली घड्याळ हातांत घेऊन उंबऱ्याबाहेर उभा!

हें दार उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा कीं, आठवण्यानें मदतनीस स्वतः घडवूंच नयेत; ते त्याच्या घडणविधींत बाहेरून त्याच्या हातीं द्यावे. चाकरींत ठेवतांना त्याला सांगावें : "ही तुझी वही, हें तुझें घड्याळ, हा तुझा निरोप्या." मग खऱ्या कामांत खरें घड्याळ द्यावें, परीक्षेंत बदली द्यावें, आठवण्यास त्याचा पत्ताहि नको. या पद्धतीस 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. मार्टिन फाउलर यानें २००४ च्या जानेवारींत लिहिलेल्या निबंधानें हें नांव सर्वत्र पसरलें. त्यांत थोडी जास्त यातायात आहे, कारण कोणास काय द्यावयाचें तें कोठें तरी एका जागीं लिहावें लागतें. परंतु तसें लिहिल्यानें घरांत कोण कोणावर अवलंबून आहे तें दारांतच वाचावयास मिळतें.

दुसरा मार्ग चातुर्याचा आहे. आठवण्याला हातच लावावयाचा नाहीं. सांचाच भारून टाकावयाचा. परीक्षा चालू असेपर्यंत जो कोणी "नवें घड्याळ घडवा" म्हणेल, त्याच्या हातीं सांच्यांतून खरें घड्याळ न पडतां बदली पडावें. घडणविधि होतो असें दिसतें, पण होत मात्र नाहीं. जावा भाषेंत 'पॉवरमॉक' नांवाच्या साधनानें हें पूर्वीं करीत. पुढें 'मॉकिटो' या अतिशय लोकप्रिय साधनांतच २०२० सालीं ही सोय आली. ही भारणी ठराविक चौकटीपुरतीच ठेवावी लागते. चौकट संपतांच ती उठविली नाहीं, तर पुढच्या परीक्षेंतहि खोटें घड्याळ निघतें आणि निकालांचा घोळ होतो.

या दुसऱ्या मार्गास सरसकट नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. दहा दहा वर्षांपूर्वींचे, लिहिणारे निघून गेलेले, कोणी हात लावण्यास धजत नाहीं असे कार्यक्रम प्रत्येक मोठ्या कचेरींत असतात. ते दुरुस्त करण्यापूर्वीं निदान त्यांच्याभोंवतीं परीक्षांचें कुंपण घालावें लागतें, आणि परीक्षा घेण्यासाठीं प्रथम दुरुस्ती करावी लागते, असा तो अन्योन्याश्रय आहे. मायकेल फेदर्स यानें २००४ सालीं अशा जुन्या कार्यक्रमांवर एक ग्रंथ लिहिला. कापड न फाडतां जेथें उसवतां येईल अशी शिवण आधीं शोधा, असा त्याचा उपदेश आहे. जेथें दुसरी शिवणच सांपडत नाहीं, तेथें सांचा भारून टाकणें हें तात्पुरतें औषध म्हणून चालतें.

आमच्या पुतणीच्या कचेरींत मात्र तें औषध रोजचें जेवण होऊन बसलें होतें. कामाची घाई, आठवण्यास बदलण्यापेक्षां सांचा भारणें सोपें. तिनेंहि तेंच केलें.

साडेपांच तास कोठें गेले?

आतां चूक कशी झाली तें ऐकावें. जुन्या आवृत्तींत आठवण्या माझ्या मोबाइलमध्येंच राहत असे, आणि मोबाइलचें घड्याळ भारतीय वेळ सांगतें. नव्या आवृत्तींत त्याला दूरच्या मोठ्या संगणकावर हलविलें. घड्याळ घडवितांना कोणत्या देशाची वेळ हवी हें सांगितलें नाहीं, तर तें ज्या यंत्रावर असेल त्या यंत्राची वेळ सांगतें. तो मोठा संगणक, अशा संगणकांच्या सर्वसाधारण रिवाजाप्रमाणें, जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, लावलेला होता. ग्रीनिचला आठ वाजतात तेव्हां आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो. घड्याळ खोटें बोललें नाहीं. त्यानें आठ वाजतांच आठ सांगितले. परंतु ते ग्रीनिचचे आठ होते.

परीक्षेंत हें कां दिसलें नाहीं? कारण परीक्षेंत घड्याळाचा घडणविधि झालाच नव्हता. दोष होता तो नेमका त्या विधींत, "नवें घड्याळ घडवा" या तीन शब्दांच्या आज्ञेंत, आणि तीच आज्ञा परीक्षेपुरती रद्द करण्यांत आली होती. बदलीस "आठ वाजले" असें पढविलें होतें. कोठले आठ, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाहीं, आणि पढविणाऱ्यांच्या डोक्यांतहि आला नाहीं. पुण्यांतल्या सर्वांच्या मेजांवरील संगणक भारतीय वेळेवर चालत असल्यामुळें, हातानें करून पाहिलें तरीहि सारें ठीकच दिसलें.

"आणि घड्याळ बाहेरून हातीं दिलें असतें तर?" मीं विचारलें.

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तर तें देण्याची ओळ मला स्वतः लिहावी लागली असती, काका. आणि घड्याळ द्यावयाचें म्हटलें कीं कोणतें, हें मनांत येतंच. निदान जो कोणी ती ओळ वाचता, त्यानें विचारलं असतं."

तें उत्तर मला फार मोलाचें वाटलें. बंद दार उघडण्यास जड जातें, तेव्हां तें दार आपल्याला कांहीं सांगत असतें. परीक्षेस विरोध करणारी वस्तु पुष्कळदां आपल्या पोटांत न बोललेला एखादा निर्णय लपवून बसलेली असते. सांचा भारून आपण दार न उघडतांच आंत शिरतों. परीक्षा होते, पण तो निर्णय तसाच अंधारांत राहतो.

सदतीस सेकंद

बदलीवर विसंबण्याची किंमत कितीपर्यंत चढूं शकते, याचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे. १९९६ च्या जूनच्या ४ तारखेस दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून युरोपचा 'एरियान ५' हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच उडाला. त्याच्यावर 'क्लस्टर' नांवाचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. सदतीस सेकंद सर्व कांहीं सुरळीत चाललें. नंतर अग्निबाण एकाएकीं वळला, आणि सुमारें ३,७०० मीटर उंचीवर त्याचे तुकडे तुकडे झाले. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल त्याच वर्षीं जुलैंत प्रसिद्ध झाला.

अग्निबाणास आपली दिशा व वेग सांगणारें एक यंत्र असतें. येथें तशीं दोन होतीं, एक कामावर व एक राखीव. दोहोंतील कार्यक्रम अगदीं एकच. हा कार्यक्रम 'एरियान ४' या आधींच्या अग्निबाणावरून उचलला होता आणि तेथें त्यानें उत्तम काम केलें होतें. त्यांत आडव्या गतीशीं निगडित असलेली एक मोठी संख्या एका लहान खणांत बसवावी लागे. त्या खणांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. एरियान ४ वर ती कधीं इतकी वाढलीच नाहीं. एरियान ५ ची आडवी गति मात्र पांचपट वेगानें वाढे. संख्या मावेना, राखीव यंत्र बंद पडलें, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्याहि आंत त्याच कारणानें कामावरचेंहि बंद पडलें. बंद पडतांना त्यानें दोषसूचक आंकडे पाठविले. मुख्य संगणकानें ते आंकडे उड्डाणाची माहिती समजून अग्निबाणाचीं नळकांडीं कमाल कोनांत वळविलीं. आणखी दैवदुर्विलास असा कीं, ज्या गणितांत ही संख्या येई, त्या गणिताची एरियान ५ वर उड्डाणानंतर कांहींच गरज नव्हती!

आपल्या विषयाशीं संबंध आहे तो याच्या पुढच्या भागाचा. उड्डाणाच्या तालमी जमिनीवर झाल्या नव्हत्या काय? झाल्या होत्या. मुख्य संगणक बसवून, सारें उड्डाण हुबेहूब रचून त्या झाल्या. परंतु त्या तालमींत खरें दिशादर्शक यंत्र घेतलें नव्हतें. त्याच्या जागीं त्याची नक्कल करणारा कार्यक्रम उभा केला होता. कारण काय, तर तें यंत्र स्वतंत्रपणें पूर्वींच तपासून पास झालेलें आहे. त्या स्वतंत्र तपासणींत एरियान ५ चा मार्ग त्याला दिलाच नव्हता. म्हणजे यंत्र एकटें पास. मुख्य संगणक बदलीसंगें पास. आणि खरा संगणक व खरें यंत्र त्या मार्गावर प्रथम भेटले ते आकाशांत. अपघातानंतर मंडळानें त्या यंत्राचा खरा कार्यक्रम घेऊन त्याला त्या दिवसाच्या उड्डाणाचे आंकडे दिले, तेव्हां अपघाताची सारी सांखळी जमिनीवर जशीच्या तशी घडून आली. हीच तालीम आधीं झाली असती तर दोष उघडा पडला असता, असें अहवालांत म्हटलें आहे. तो वैज्ञानिक प्रयोग पुन्हां उभारून नवे चार उपग्रह अवकाशांत जावयास २००० साल उजाडलें.

नक्कल करणारा नक्कल चांगली करीत नव्हता असें नाहीं. त्याला पढविणाऱ्यांस खऱ्या यंत्राविषयीं जेवढें ठाऊक होतें तेवढेंच तो जाणत होता. बदलीची हीच मर्यादा आहे. आपल्याला आधींच ठाऊक असलेलें तो आपल्याला ऐकवितो. जें ठाऊक नाहीं तें फक्त खराच सांगूं शकतो.

रंगीत तालीम

यावरून बदली मुळीं ठेवूंच नये असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. बदलीवांचून घड्याळाचे आठ हवे तेव्हां वाजवितां येणार नाहींत, आणि खऱ्या रुग्णांस त्रास न देतां निरोप तपासतां येणार नाहींत. वही सांपडली नाहीं, तार तुटली, निरोप्या वाटेंत अडखळला, असे प्रसंग खऱ्या मदतनिसांकडून मुद्दाम घडवून आणणें तर फारच कठीण. बदलीकडून ते क्षणांत घडवितां येतात. प्रश्न एवढाच कीं, बदली कोठें उभा करावा आणि त्याच्यावर कितपत विसंबावें. जाणत्यांनीं याचे कांहीं नियम सांगितले आहेत. ते घरीं बसून ऐकणाऱ्या माझ्यासारख्यासहि पटतात.

पहिला नियम, बदली द्यावयाचा तो भूमिकेस, व्यक्तीस नव्हे. फ्रीमन प्रभृतींनीं २००४ सालीं लिहिलेल्या दुसऱ्या निबंधाचें नांवच मुळीं या अर्थाचें आहे. 'वेळ सांगणारा' ही भूमिका आधीं ठरवावी. तिचा करार लिहावा, त्यांत कोणत्या देशाची वेळ हेंहि आलेंच. मग खरें घड्याळ व बदली घड्याळ दोघांनींहि तो करार पाळावा. दुसरा नियम त्याच निबंधांतला आहे : जी वस्तु आपली नव्हे, तिचा बदली आपण करूं नये. परक्याच्या वस्तूचा स्वभाव आपण ओळखतों असें वाटतें खरें, पण तो आपला तर्क असतो. परक्या वस्तूभोंवतीं आपलें पातळ वेष्टण घालावें, बदली त्या वेष्टणाचा करावा, आणि वेष्टण मात्र खऱ्या वस्तूवरच तपासावें.

तिसरी गोष्ट नियमापेक्षां लक्षण म्हणून सांगण्यासारखी आहे. एका वस्तूच्या परीक्षेसाठीं आठ-दहा बदली उभे करावे लागत असतील, तर परीक्षेच्या कटकटीस दोष देण्यापूर्वीं त्या वस्तूकडे पाहावें. दहा माणसांच्या मदतीवांचून ज्याचें पान हलत नाहीं, त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिकांचीं कामें साठलेलीं असतात. घरांत काय आणि कार्यक्रमांत काय, तो भार वांटून देणें हाच उपाय.

आणि शेवटची गोष्ट नाटकवाल्यांस कोणी शिकवावी लागत नाहीं. बदली घेऊन पन्नास तालमी कराव्या, पण पडदा उघडण्यापूर्वीं एक तरी रंगीत तालीम झालीच पाहिजे. तींत खरा राजा, खरी राणी, खरा पोशाख, खरे दिवे, सर्व कांहीं खरें असावें. अशा तालमी सावकाश चालतात, खर्चिक असतात, मधूनच अडतात. म्हणून त्या थोड्याच घ्याव्या. परंतु त्या शून्य असूं नयेत. एरियानच्या बाबतींत ज्या एका भेटीसाठीं ती तालीम हवी होती, तेथेंच नेमका बदली उभा होता.

पुतणीनें काय केलें?

त्या प्रसंगानंतर पुतणीच्या कचेरींत कोणावर ठपका ठेवला गेला नाहीं, ही गोष्ट मला त्या मंडळींस भूषणावह वाटली. तिनें आठवण्याचा घडणविधि बदलला. आतां घड्याळ त्याच्या हातीं बाहेरून दिलें जातें, आणि कोणत्या देशाचें तें लिहिल्यावांचून घड्याळ घडतच नाहीं. सांचा भारण्याची करामत त्या परीक्षेंतून तिनें काढून टाकली. बदली घड्याळ अजून आहेच. पण जी परीक्षा खऱ्या घड्याळानें उतरावयाची तीच त्यासहि उतरावी लागते. शिवाय रोज रात्रीं ग्रीनिचच्या वेळेवर लावलेल्या एका संगणकावर खरें घड्याळ, खरी वही आणि खरा निरोप्या घेऊन एक पूर्ण तालीम होते. निरोप मात्र रुग्णांस न जातां कचेरींतल्याच एका मोबाइलवर येतो.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळीं ती नोकरीवर जाण्याची तयारी टाकून माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा कांटा आठावर आला आणि मोबाइल वाजला. ती कांहीं बोलली नाहीं. पाण्याचा पेला मात्र तिनें पुढें केला.

मोबाइल तेव्हांपासून एकदांहि चुकलेला नाहीं. तरी मीं गोळ्यांची डबी सकाळच्या चहाच्या कपाशेजारीं ठेवण्यास सांगितलें आहे, आणि चहा येतांच आधीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतों. पुतणीस याचा राग येईल असें वाटलें होतें. ती म्हणाली, "ठेवा काका, डबी तिथंच ठेवा."